खाली डाव्या कोपऱ्यातलं बटण

...आणि वर पोरगी मलाच विचारते, "पप्पा, डेस्कटॉप कुठला पायजे?" अहो, कुठला म्हंजे? डेस्कटॉप काय दुकानात टांगलेले शर्ट हायत, की हा घालून बघा, तो घालून बघा? तुम्हाला सांगतो, अठ्ठावन्न वर्षांचा झालो, हमरापुरात आमचा तीन पिढ्यांचा गणपतीचा कारखाना, दरसाल हजारभर मूर्तींचे डोळे ह्या हातानं आखतो, पण असा प्रश्न मला कधी कुणी घातला नव्हता. आणि मला पायजे होतं काय? खाली डाव्या कोपऱ्यात एक बटण. बास!

आता बटणच का, ते ऐका. हा कॉम्प्युटर माझा नाय. म्हंजे माझाच हाय, पण इझिकेलचा. इझिकेल माझा वर्गमित्र, पेणच्या शाळेत एका बाकावर वाढलो आम्ही. बेने इस्रायली कुटुंब त्याचं, म्हंजे आपले कोकणातले ज्यू. पुढं त्यानं पेणमध्येच कॉम्प्युटरचा क्लास काढला, सहा मशिनी, बाहेर चपलांचा ढीग. पण शुक्रवारी सूर्य मावळला की त्याचा शब्बाथ सुरू, मग शनिवारची रात्र होईपर्यंत विजेच्या बटणाला हात लावायचा नाय. आणि नेमकं दर शुक्रवारी एखादं मशीन चालू राहायचंच! मग काय, हा कमळाकर हायच. पहिल्या वेळी मी गेलो आणि सरळ पिन खेचली. सोमवारी त्यानं मला खुर्चीत बसवलं, माझा रंगानं माखलेला हात माऊसवर ठेवला आणि म्हणाला, "कमळ्या, पिन खेचायची नाय. हे बघ, खाली डाव्या कोपऱ्यात बटण. तिथून बंद करायचा." कॉम्प्युटरमधलं मी शिकलेलं हे पहिलं. आणि खरं सांगू का, हेच शेवटचं.

एकोणीस वर्षांपूर्वी तो इस्रायलला गेला. पाच मशिनी विकल्या, सहावी मला देऊन गेला. "ह्याचं तोंड बदलू नको. परत येईन तेव्हा मला ओळखता आलं पायजे." मी रडलो त्या दिवशी, सांगायला लाज कसली? आणि एकोणीस वर्षं ते तोंड मी जपलं हो! पडद्यावर तीच विंडोजची हिरवी टेकडी, तेच निळं आभाळ, तेच बटण. मूर्तींचे फोटो ठेवायचो त्यात, बाकी काय करणार?

आणि यंदा फोन आला, "कमळ्या, येतोय. पुढच्या शुक्रवारी."

झालं! त्याच आठवड्यात मशीन कुरकुरायला लागलं, आणि बसलंच. डिस्क गेली. पेणच्या दुरुस्तीवाल्यानं एकदा वाकून बघितलं आणि "काका, भंगारात घाला" म्हणाला. मी त्याला काय बोललो ते इथं सांगत नाय, समोर बायामाणसं बसलीयत.

मग आमची सुरभी धावली. मुलगी माझी, लग्न होऊन वरश्याला असते, रोह्याच्या कंपनीत कामाला. सुट्टीच्या दिवशी नवी डिस्क घेऊन आली. म्हणाली, ह्यात जुनं विंडोज आता नको, लिनक्स टाकू. मी म्हटलं, ते काय असतं? ती म्हणाली, "पप्पा, आपण कच्ची मूर्ती विकतो ना, पांढरी? मग घेणारा पायजे तशी रंगवतो, कुणी पिवळं पितांबर, कुणी जांभळं. लिनक्स म्हंजे ती कच्ची मूर्ती. डेस्कटॉप म्हंजे वरचं रंगकाम." बघा, पोरगी कारागिराची! कच्ची मूर्ती तिनं बसवून दिली, रंगकामासाठी कागदावर चार ओळी लिहून दिल्या, एवढं टाइप करा म्हणाली, आणि गेली, दुसऱ्या दिवशी शिफ्ट होती.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग माझ्यातला कारागीर जागा झाला आणि तिथंच घात झाला. आमच्यात कसं असतं, मूर्ती कारखान्यातून निघाली की तोंडावर रुमाल, तो काढायचा घरी पाटावर बसल्यावरच. माझा बाप तर अर्धवट रंगवलेल्या मूर्तीवरही फडका टाकायचा, नजर लागते म्हणून. सकाळी मी पहिली ओळ टाइप केली, अक्षरं धावायला लागली, आणि मी पडद्यावर टाकला कोरा रुमाल. शांतपणे मूर्ती घासत बसलो. एक तास, दोन तास, चार तास... सांजच्याला सुरभीचा फोन.

"पप्पा, झालं का?"

"होतंय."

"पडद्यावर काय दिसतंय?"

"रुमाल."

तिनं कपाळावर मारलेला हात मला इथं ऐकू आला. मग म्हणाली, काढा तो. काढला, तर खाली एकच ओळ. पुढं जाऊ का, व्हय की नाय? बिचारा सकाळपासून विचारत होता!

मग सुरू झाला मुखवट्यांचा खेळ. पहिला डेस्कटॉप आला, नाव नोम. डाव्या कोपऱ्यात काय नाय, सगळा कारभार वर. काढा! दुसरा केडीई, बटण बरोब्बर जागेवर, मी हात जोडले, पण रंगरंगोटी एवढी की मशीन चढावरच्या एसटीसारखं धापा टाकतंय. तिसरा सिनॅमन, त्याचीही तीच तऱ्हा. चौथा मेट, चालायला हलका, पण बटणाची पट्टी वर! पाचवा एक्सएफसीई, परत पट्टी वर! मी सुरभीला म्हटलं, ह्या लोकांना खालच्या डाव्या कोपऱ्याचं वावडं हाय का गो? मंगळवार गेला, बुधवार गेला. जेवण गोड लागेना. गुरुवारी मी सांगून टाकलं, राहू दे, इझिकेलला सांगतो की नाय जपता आलं मला. तेव्हा ती म्हणते, "पप्पा, मेटमधली पट्टी उचलून खाली ठेवता येते की."

आता ही गोष्ट मंगळवारी सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, तुम्ही विचारलंच नाय!

ठेवली पट्टी खाली. बटण आलं डाव्या कोपऱ्यात. मूर्तीचे डोळे आखून झाले की ती कशी एकदम तुमच्याकडं बघायला लागते? तस्सं. फक्त ती हिरवी टेकडी गेली होती. मग सकाळी गाडी काढली, जित्याला जाऊन तिथल्या टेकडीचा फोटो घेतला आणि लावला मागं.

शुक्रवारी चार वाजता इझिकेल आला. केस गेलेले, काठी आलेली, मराठी तश्शीच. सूर्य मावळायच्या आत पेणला पोचायचं होतं, रिक्षा दारात उभीच ठेवलेली. चहा घेतला, शाळेतल्या निम्म्या मास्तरांच्या नकला केल्या, हसून हसून ठसका लागला दोघांना. मग कॉम्प्युटरसमोर बसला. मी मागं उभा. त्यानं चष्मा पुसला, परत बघितलं.

"ही जित्याची टेकडी ना रे?"

मी मान हलवली.

"तिकडं घरच्यांना मी हेच सांगायचो," तो म्हणाला. "त्या चित्रातली टेकडी आमच्या जित्याची हाय म्हणून. कुणी मानायचं नाय."

बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न मारला. ऊन उतरलं होतं. इझिकेल उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "चल, बंद कर. पिन खेचू नको."

खाली डाव्या कोपऱ्यात बटण. दाबलं. बंद करा म्हटलं. तर हा नवा शहाणा लगेच बंद होतोय होय? एक चौकट आली, साठ सेकंदांत आपोआप बंद होईल. आणि आकडे उतरायला लागले. एकोणसाठ, अठ्ठावन्न... दोन म्हातारे बघत उभे. चाळीसला तो म्हणाला, "आता परत येणं जमेल असं वाटत नाय, कमळ्या." तीस. वीस. दहा...

त्या चौकटीत 'रद्द करा' असंही एक बटण होतं. दाबलं की सगळं थांबतं. दिसलं नाय असं नाय, दिसलं मला. पण तुम्हाला सांगतो, ते उजवीकडं होतं हो... आणि मला शिकवलंय फक्त खाली डाव्या कोपऱ्यातलं.