लोटनचा लाल ठिपका

—नाही नाही, तानुअक्का, इथं रडायचं नाही, एसीची खोली आहे. चपला बाहेर काढल्या ना? मग बसा. आता परवा पहाटे पोलिसांनी तुमच्या पोराला, लोटनला उचललं, त्यात माझा काय संबंध? मी साधा कॉम्प्युटर क्लासवाला. हां, नकाशा मी केला – अख्ख्या धुळ्यात असा नकाशा नाही! तुम्ही धरणात गावं गेली म्हणून उठलेली माणसं कुठंकुठं येऊन पडलात, कोण गप बसणारा, कोण मोर्चेवाला, बठ्ठं, सगळं आहे त्यात. मोर्चेवाले लाल. ठिपक्यावर माउस नेला की नाव येतं! साहेब तर खुर्चीतून उठलेच बघून – कोणते साहेब? आहेत एक. जाऊ द्या.

बरं, लोटन तेलघाण्यामागच्या खोलीत लपलाय, हे मला सांगितलं कोणी? मी तुमच्या वस्तीत नुसतं म्हटलं, जमीन द्यायला माणसांची मोजणी चालू आहे – तर तुम्हीच मागं धावत आलात. आवाज बारीक करून – ‘भाऊ, मना लोटनले बी लिखी ल्या, तो ऱ्हाई जाई, त्याले जमीन भेटाव नही.’ म्हणालात की नाही? खोलीचा पत्ताही तुम्हीच दिलात. मागच्या मोजणीला जे घरी नव्हते ते राहूनच गेले, त्यांना अजून वीतभर जमीन नाही – तो धाक आहे तुमच्या सगळ्यांच्या पोटात. मला ठाऊक होतं. म्हणून तर मोजणी म्हटलं, नाहीतर कोण सांगतंय!

नकाशाची फ्लॉपी? दिली साहेबांना, मीच दिली. तिकडं कारगिलला आपली पोरं मरताहेत, आणि हा इथं सरकारच्या नावानं बोंबलतो! देश आधी की लोटन आधी? — मारलं का त्याला? मला काय ठाऊक! जीपमध्ये घालताना ओरडत होता, ‘माय, माय’ करून – म्हणजे, लोक सांगतात तसं... बरं, होतो मी जीपमध्ये. त्या बोळात खोली कोणती, ते कोणीतरी दाखवायला नको? त्यानं मला ओळखलं, हात जोडले. वेडा! मी मोजणीवालाच वाटलो त्याला.

काय? त्याचं नाव तरी जमिनीसाठी राहील ना? अजून जमीनच! अक्का, कसली जमीन? कधी नव्हतीच. आणि त्याचा ठिपका कालच पुसला मी. रिकाम्या खोलीवर कशाला ठेवायचा? नकाशा खरा पाहिजे. — पाय सोडा. सोडा म्हणतो ना! ए, पुढची बॅच, या रे आत.