मटकीची बरणी

— नाही गं, तो मोडांचा डबा नको. ठेव खाली. दिसायला छान आहे, माहितीये मला — चार मजली, प्रत्येक मजल्याला भोकं, वर हिरवं झाकण, सगळ्या आधी तोच उचलतात. पण त्या भोकांत मटकीची सालं अडकतात, टाचणीने टोकरल्याशिवाय निघत नाहीत, आणि तुला सातवा लागलेला, तू काय टाचणी घेऊन मोरीत बसणारेस? बस आधी. ते स्टूल ओढ. नीलाची रचना ना तू? मग, ओळखणार नाही होय मी. लग्न होऊन घोडबंदरला गेलीस तेव्हापासून दिसली नाहीस, पण नाक आईचंच आहे. बाळंतपणाला आलीस माहेरी? बरं केलंस. तिकडे त्या बाविसाव्या मजल्यावर कोण आहे तुला विचारायला. आई बरी आहे ना? — बरी आहे. बरं. बस तू, घाई नाही मला, दुपारी गिऱ्हाईक नसतं, पंखा तेवढा आहे आणि हे पाय, बघ कसे सुजलेत, चप्पल जात नाही.

तर डबा. तो पांढरा? उलटा कर. खाली त्रिकोण दिसतो? त्रिकोणात पाच आकडा असला आणि शेजारी पेला-काट्याचं चित्र असलं तर खाण्याचं ठेवायला चालतं, मला कंपनीचा माणूस सांगून गेलाय. ह्याच्यावर काय आहे? काहीच नाही. आता नाकाला लाव. येतो ना वास? तो जुनं प्लास्टिक वितळवून केलेला आहे, आधी त्याचं काय होतं देव जाणे — विकते मी, का नाही विकणार, लोक चिमटे ठेवायला नेतात, खिळे-मोळे ठेवायला नेतात. पण कुणी म्हणालं की खायचं ठेवायचंय, तर मी हातातून काढून घेते. बाजूचा कमलेश हसतो मला, म्हणतो मावशी, तुम्ही दुकान चालवता की गिऱ्हाईक हाकलता. हसू दे. आईस्क्रीमचा डबा? तो घरात असतोच सगळ्यांच्या, पण तो थंड्यासाठी गं, कढत पाण्याने धुतला की वाकडा होतो, आणि कढत पाण्याने धुतल्याशिवाय मोडांचं भांडं साफ होत नाही. हॉटेलचे काळे डबे तर बघूच नकोस, ते एकदा जेवण आलं, संपलं, फेकायचे. काही बायका खिळा तापवून भोकं पाडतात त्यांना — मग कडेला जळकं प्लास्टिक राहतं, तेच मटकीत. तांब्याचं पातेलं आहे आजीचं? असू दे, त्यात पाणी पी. मोड जरा आंबूस झाले की तांब्याला ते चालत नाही.

तू काचेची बरणी घे. ही बघ. आणि घरी लोणच्याची रिकामी पडली असेल तर हीपण घेऊ नकोस, तीच उकळत्या पाण्याने धू — झाकणाला वास राहतो, झाकण फेकूनच दे. वर मलमलचा तुकडा आणि रबर. रंगीत फडकं नको, रंग सुटतो. तोंड रुंद पाहिजे, तुझा हात आत गेला पाहिजे घासायला. रात्रभर भिजवायची, पाणी ओतून टाकायचं, मग बरणी वाडग्यात तिरकी ठेवायची तोंड खाली करून, म्हणजे तळाशी पाणी साचत नाही. साचलं की चिकट होते, नासते. दिवसातून दोनदा ताज्या पाण्याने खळबळायची. बरणी नको तर स्टीलची चाळण, खाली पातेलं, वर ताटली — झालं, त्याला काही खर्चच नाही. आणि कच्ची खायची नाही तू. डॉक्टरांनी सांगितलं असेल — सांगितलंय ना — चांगली शिजवून खा, उसळ कर, आईला सांग, तिच्यासारखी मटकीची उसळ अख्ख्या डोंबिवलीत —

काय?

भिजवतच नाही? म्हणजे घरातसुद्धा नाही? मटकी आणतच नाही ती घरात. अकरा वर्षं. — मला वाटलेलं विहारात करत नाही तेवढंच. मला वाटलेलं घरी करत असेल. तुझ्या बाबांना किती आवडायची.

थांब, पाणी पिते जरा. तू पिणार? नको.

तुला आठवते ती जयंती? तू दहावीला असशील तेव्हा. बारावीला? असेल. चौदा एप्रिलचं जेवण विहारात दरवर्षी तुझी आईच करायची, तीनशे पानं, आणि मटकी भिजवायचं काम माझं. ठरलेलंच होतं ते, मी भिजवायची, मोड आणून द्यायची, ती फोडणी टाकायची. बाकीच्या बायका चिरायला, लाटायला, पण मटकीला माझा हात आणि कढईला तिचा. लोक म्हणायचे माया-नीलाची उसळ, दोन नावं एका दमात घ्यायचे. आणि त्या वर्षी एवढी माणसं जेवली, आणि संध्याकाळपासून सुरू झालं. उलट्या. चाळीसएक जणांना. लहान पोरं, म्हातारी माणसं. हरिहरकाकांना तर तीन दिवस सलाईन लावलेलं, वाचतायत की नाही असं झालेलं. वाचले सगळे, कुणाचं काही झालं नाही, पण ती रात्र मी कशी काढली माझं मला ठाऊक. आणि दुसऱ्या दिवशी कमिटी बसली, आणि तुझी आई सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, माझी चूक आहे, मी खोबरं आदल्या दिवशी वाटून ठेवलेलं, उन्हाळ्यात ते आंबलं असणार. असं म्हणाली. हात जोडले तिने. मी तिथेच बसलेली, तिसऱ्या रांगेत.

खोबरं नव्हतं ते.

नाही, ऐक, आता तोंडातून निघालंय तर ऐक. तुला पिंपं आठवतात ना, निळी? आपल्याकडे पाण्याची कायमची बोंब, घरोघरी मोरीत कंपनीचं एक पिंप असायचंच. एमआयडीसीत कामाला असलेला माणूस घरात असला की पिंप यायचं. आमचे हे — चांगदेव — रंगाच्या कारखान्यात होते, त्यांनी किती जणांना आणून दिली. पावडरीची पिंपं, आत कसली पावडर ते ह्यांनाही नीट सांगता यायचं नाही. आणायची, चिंच लावून घासायची, राखेने घासायची, तीन दिवस उन्हात पालथी घालायची, मग पाणी भरायचं. सगळेच करायचे, कुणाला काही वाटायचं नाही. माझं मटकीचं मोठं पातेलं त्या वर्षी गळायला लागलेलं. वीस किलो मटकी, कशात भिजवू? हे म्हणाले, एक नवीन आणतो. आणलं. मी घासलं गं, रचना, हाताची सालं निघेपर्यंत घासलं. उन्हातपण ठेवलं, पण एकच दिवस, कारण जयंती तोंडावर आलेली. झाकण लावलं तेव्हा बारीकसा वास आला मला. गोडसर. मी म्हटलं, मटकीचा असेल.

आणि तू म्हणशील कशावरून तेच — कशावरून मटकी नाही, उन्हाळा नाही? कारण पिंपात भरून दोन मुठी उरलेली मटकी. तीच मटकी, तेच पाणी, तीच वेळ. ती मी घरच्या स्टीलच्या पातेल्यात टाकलेली, आम्ही दोघांनी त्या दिवशी तीच खाल्ली, आणि आम्हाला साधी ढेकरसुद्धा आंबट आली नाही. तेव्हा मला कळलं. कमिटी बसायच्या आधी कळलेलं. मी ह्यांना म्हटलं, मी सांगते. तर हे खाटेवर बसलेले, पांढरेफटक, म्हणाले, माया, पिंप गेटपास न काढता बाहेर काढलंय मी, दोन वर्षं राहिलीत रिटायरला, पोलीस केस झाली तर मला तिथल्या तिथे काढतील. तेव्हा मी गप्प बसले. ठरवलं की कुणावर आळ आला तर बोलेन. आणि मग तुझी आई उभी राहिली आणि तिने स्वतःच घेतलं अंगावर, आणि मला — मला बरं वाटलं गं. खरं सांगते तुला. एक मिनिट मला बरं वाटलं. मी म्हटलं, चला, तिलाच वाटतंय खोबरं, तर खोबरं.

पुढच्या वर्षी कुणी तिला नको म्हणालं नाही, आपली माणसं तशी नाहीत. पण कढईशी दुसरी उभी राहिली, हेमा, आणि तुझी आई पत्रावळ्या मांडत होती. त्याच्या पुढच्या वर्षीपण. मग यायची आणि कोपऱ्यात बसायची, मग लवकर जायची. जी बाई मीठ न चाखता नुसत्या वासावर सांगायची कमी आहे ते. हे रिटायर झाले तेव्हा म्हटलं आता सांगू. नाही सांगितलं. तीन वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हा तर सांगायला काही अडचणच उरली नव्हती, ना नोकरी, ना माणूस. ह्यांच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला आलेली तुझी आई. सगळ्यात आधी आली. चुलीकडे गेली नाही, सरळ मागे गेली आणि दिवसभर भांडी घासत बसली. माझ्या घरची. मी दोनदा तिच्यापाशी गेले, वाकले, तोंड उघडलं, आणि म्हटलं, नीला, चहा घेतलास का.

म्हणून मी हा डबा हुंग, तो डबा उलटा कर, असं करते. लोकांना वाटतं म्हातारी चळलीये. वाटू दे. मला झोप लागते का त्याने? नाही लागत. कंटाळलेय मी, रचना. एवढंच एक वाक्य आहे, पिंप माझं होतं, आणि अकरा वर्षं ते उचलून फिरतेय. आणि आता तुला सांगितलं, जिला सांगायला नको होतं तिला, पोटुशीला, भर दुपारी. तू आईला सांगू नकोस. थांब, तसं नाही म्हणायचं मला, लपव असं नाही — तू सांगितलंस तर ती ऐकून घेईल आणि जाऊ दे म्हणेल. मला माझ्या तोंडाने सांगायचंय. तिने मला शिव्या दिल्या पाहिजेत. तिचा हक्क आहे तो, निदान तेवढा तरी —

काय म्हणालीस?

परत सांग. हळू सांग, ह्या कानाने कमी येतं.

ती विहारात राहिलेलं पिंप धुवायला गेलेली. दुसऱ्या दिवशी, सकाळी, कमिटी बसायच्या आधी. कढत पाणी ओतलं आणि वास आला. — बरं. — मग?

म्हणजे ती उभी राहिली तेव्हा तिला ठाऊक होतं.

आणि खोबरं?

ताजं होतं. त्याच सकाळी वाटलेलं. तूच खवून दिलेलंस.

नाही, नाही, बोलू नकोस, समजलं. चांगदेवची नोकरी जाईल म्हणाली? तुझ्या बाबांना म्हणाली, तू ऐकलंस. नोकरी गेली तर माया कुठे जाईल म्हणाली. असं. — आणि मला एका शब्दाने नाही विचारलं. भांडी घासताना नाही, कधीच नाही. अकरा वर्षं ती वाट बघत होती का गं, मी कधी बोलते त्याची? विचारलंस कधी तिला? नको, नको सांगूस. आणि आज तुला इथे तिनेच पाठवलं? मायाकडूनच घे, ती नीट बघून देईल. असं म्हणाली.

ही घे बरणी. कागदात गुंडाळलीये, सांभाळून ने, पायरी उंच आहे. मलमल आत ठेवलीये. नको, पर्स उघडू नकोस. माझ्याकडे बघू नकोस अशी, काही झालेलं नाही मला. तू जा, रचना. मला थोडं बसू दे.

जा म्हटलं ना.