झाकण बंद, काम चालू

...अन् वरतून मलाच विचारतात, "मग दिवसभर करतो काय तू?" आता काय सांगावं, तुमीच सांगा. तुमाला सांगतो, मी शिवहार, कनेरगाव नाक्याच्या अलीकडं आमचं गाव, पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करून राहिलो, चार वर्षं झाली, एक दिवस पगार चुकला न्हाई, पण गावात एका माणसाचा भरवसा न्हाई. काहून? तर माझा लॅपटॉप बंद असतो. बंद म्हंजे कसा, झाकण बंद. टेबल एवढंसं, त्याच्यावर दोन मोठे पडदे उभे केलेले, मान मोडू नये म्हणून, आता तिसरं तोंड उघडं ठेवायला जागा कुठं हाय? म्हणून लॅपटॉप मिटायचा, बाजूला ठेवायचा, वायरी पडद्यांना लावायच्या अन् बसायचं. झाकण बंद हाय, पण काम चालू हाय. एवढी साधी गोष्ट. ती मी आईला सांगितली, चुलत्याला सांगितली, दूधवाल्याला सांगितली... सगळे मान हलवतात. पटत कुणालाच न्हाई.

त्यात लॅपटॉपात विंडोज न्हाई, लिनक्स. कंपनीनंच घालून दिलंय. लिनक्स म्हंजे काय, तर बिघडलं की आपणच नीट करायचं, दुकानात नेलं तर दुकानदार हात जोडतो. त्याची खोड अशी की झाकण लावलं की झोपतं. मग मी दोन दिवस डोकं लावून एका फायलीत एक ओळ लिहिली, की बाबा रे, चार्जर लावलेला असला तर झाकण लावलं तरी जागा राहा. ऐकलं त्यानं. चार्जर नसला तर झोप, हे मात्र तसंच ठेवलं, नाहीतर पिशवीत घातल्यावर आतल्या आत भाजून निघायचा. बराबर केलं का न्हाई? बराबरच केलं. तेच नडलं.

झालं काय, साखरा गावाचं एक स्थळ आलं. रागिणी नाव, नर्स हाय. फोनवर तीनदा बोललो आमी, अन् मला ती आवडली, सरळ सांगतो, लाजायचं काय त्यात? एकतिसावं चालू हाय मला. आधी पाच ठिकाणी न्हाई म्हणले, कारण एकच, पोरगं घरीच असतंय. रागिणीनं आधीच सांगितलं होतं, "बाबांला पगाराचा कागद दाखवू नका. त्यांला काम डोळ्यानं दिसलं पाहिजे."

तर हे तिचे बाबा, मसाजीमामा. आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. बैल आणायचा तर आधी औताला जुंपून बघायचा, मग दावं हातात घ्यायचं, हा त्यांचा कायदा. तसं मला बघायला आले, न सांगता, मंगळवारी अकरा वाजता, आपल्या थोरल्या भावाला, जळबाजीला घेऊन. मी मनात म्हणलं, चांगलं झालं, आज जुंपलेलोच हाय. दोनी पडदे भरलेले, अक्षरं वरून खाली पळून राहिलेली.

मसाजीमामा दारातच थांबले. "दोन दोन टीव्ही?"

म्हणलं, "टीव्ही न्हाई मामा, कम्प्युटरचे पडदे हायत."

"मग कम्प्युटर कुठंय?"

"हा काय."

"हा तर बंद हाय."

"झाकण बंद हाय मामा, पण काम चालू हाय."

त्यांनी जळबाजीकडं बघितलं. बैल विकणारा म्हणतो ना, आज जरा बसलाय, एरवी लय चालतो... तसं वाटलं त्यांला माझं बोलणं.

तेवढ्यात आमची आई, सिंधूबाई, पोहे घेऊन आली. ताट ठेवायला जागा न्हाई, सपाट म्हणून लॅपटॉपच दिसला, ठेवलं त्याच्यावर. तेही चाललं असतं. पण एप्रिल महिना, पाव्हण्यांला घाम, आईनं टेबलफॅन ओढला अन् प्लग रिकामा न्हाई म्हणून चार्जरच काढला. झालं. चार्जर न्हाई, झाकण बंद, लिनक्सनं बघितलं, मालक गेला, झोपा. दोनी पडदे काळे.

जळबाजी म्हणाले, "लाईट गेली का?"

मसाजीमामा म्हणाले, "पंखा फिरून राहिला की. आपण आलो म्हणून पोरानं पिक्चर बंद केला असंल."

मी म्हणलं थांबा, दाखवतोच. ताट उचललं, झाकण उघडलं, त्यानं पासवर्ड मागितला, तो घाईत दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला अन् मग सगळ्या खिडक्या, सगळं काम, त्या लहान पडद्यावर एकावर एक येऊन पडलं. मोठ्या दोनांतला एक काळा तो काळाच, दुसऱ्यावर नुसता डोंगराचा फोटो. मसाजीमामा त्या डोंगराकडं बघत बसले. मग हळूच विचारलं, "दिवसभर हेच बघता?"

आता खिडक्या मोठ्या पडद्यावर परत न्यायच्या म्हणून मी काय केलं असंल? झाकण लावलं. चार्जर न लावता. मी, चार वर्षांचा अनुभवी माणूस. परत सगळं काळं.

मसाजीमामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या. तकलीफ घेऊ नका." मग माझा पंजा हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला, घट्टा कुठं दिसला न्हाई, अन् पोहे खाल्ले. मला रडू येऊन राहिलं होतं, खोटं कशाला बोलू? म्हणलं गेलं हे बी स्थळ.

संध्याकाळी रागिणीचा फोन. म्हणाली, "जमलं."

म्हणलं, "काय जमलं?"

"बाबा म्हणले, पोरगं रिकामं हाय, पण घरात राहतं, हॉटेलात बसत न्हाई, आईला उलटून बोलत न्हाई. आपली पोरगी कमावती हाय, भागंल."

म्हणलं, "अहो पण मला काम हाय. झाकण बंद होतं, काम चालू होतं, सांगा ना त्यांला."

ती म्हणाली, "पाच ठिकाणी काम सांगून काय झालं तुमचं? जमलंय तर जमू द्या."

मग मी जमू दिलं. पण मसाजीमामा गप बसणारे न्हाईत. जावई रिकामा कसा ठेवायचा? त्यांनी जळबाजीच्या ओळखीनं कळमनुरीला एका दाल मिलवर माझं काम लावून टाकलं, गेटवर. सोमवारी नऊला या म्हणले, सोबत स्वतः मामा येणार. न जावं तर लग्न मोडतंय. म्हणून काल कंपनीत दोन दिवसांची रजा टाकली. अर्जात कारण लिहावंच लागतं, ते सोडून पुढं जाता येत न्हाई. लय विचार केला... अन् मग जे खरं हाय तेच लिहिलं, की नोकरी लागली.