नियमात बसणारं मूल

सासूबाईंनी इथला, परदेशातला, व्हिसाचा कायदा कसा वाकवला, ते ऐकाच. आमच्या घरी राहून बाळाला सांभाळायला ब्राझीलहून कॅमिला आली, तेव्हाच एजन्सीनं बजावलं होतं, की तिच्या व्हिसावर तिला फक्त मुलाचीच कामं सांगता येतात. माझा जॉब नुकताच परत सुरू झालेला. ही चिडून निघून गेली तर काय, या धास्तीनं मी तिच्यादेखत नवऱ्याचा, निखिलचा, कपसुद्धा स्वतःच उचलायचे.

मग पुण्याहून सासूबाई आल्या आणि त्यांनी निखिलच्या शर्टांचा ढीग सरळ तिच्यापुढे ठेवला.

"आई, नको. तिला फक्त मुलाचे कपडे धुता येतात. तसा नियमच आहे."

"मग हा निखिल कोण आहे? माझं मूलच ना? सांग तिला तसं."

मी घाबरत घाबरत इंग्लिशमध्ये सांगितलं. कॅमिलानं सोफ्यावर मोबाइल बघत लोळणाऱ्या निखिलकडे नीट निरखून पाहिलं. मला वाटलं, आता ही बॅग भरते.

"ओके," ती म्हणाली आणि त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला. "जेवण होईपर्यंत मुलांना स्क्रीन नाही."

निखिलनं निमूट उठून शर्ट मशीनला लावले. दुसऱ्या दिवशी मी एजन्सीला फोन केला आणि तिचा व्हिसा जास्तीत जास्त किती वाढवता येतो, ते विचारलं.