आभाळ आलं की काम बंद

माझं माहेर कंधारकडं, सासर हे जळकोटच्या बाजूचं डोंगराचं गाव, आन् दोन्हीकडं सारखाच दगूड, म्हनून नवी नवरी म्हनून आले तरी मला परक्या मुलखात आल्यावानी वाटलं न्हाई. माय कुनाच्या तरी शेतात, बाप कुनाच्या तरी शेतात, आन् आमी भावंडं बांधावर, असं वाढलो बगा. पौर्निमेला विहारात जायचं, वडील म्हनायचे शिका बाबांनो, पन चौथीच्या पुढं शाळा दुसऱ्या गावाला, मंग कुठली शाळा. लगीन झालं आन् चौथ्या दिवशी सासूनं हातात खुरपं दिलं. खुरपं तर माहेरीच हातात बसलेलं व्हतं, त्यात काई वाईट वाटलं न्हाई.

माझं नाव पंचफुला. गावात मला मुकादमीन म्हनतात. मुकादमीन म्हंजे लई मोटं काई न्हाई ताई, सकाळी घरोघर हाक मारायची, कुनाचं लेकरू तापलंय, कुनाची सासू रुसलीय, ते सगळं ऐकून घ्यायचं, आन् बारा-तेरा बायका घेऊन शेतात उतरायचं. निंदनी असो, ज्वारीची काढनी असो, सोयाबीन असो. शेतवाला काई वाकडं बोलला तर पुढं म्या. बायका माझ्या भरवशावर घर सोडतात, म्हनून त्या शेतात असल्या की त्यांच्या जिवाची फिकीर माझी. हे आता म्हनून राहिले म्या. आधी एवढं कळत नव्हतं.

माझी धाकटी जाऊ शांता. माझ्या दिराची, बळीरामची बायको. तिला म्याच माझ्या माहेरकडून बघून आनली व्हती. हसरी लई. रांगंत माझ्या बाजूलाच बसायची काम करायला, कारन तिचा हात जलद आन् माझी पाठ दुखायची, मंग ती माझ्या वाट्याची पात बी अर्धी ओढायची, कुनाला कळू न देता.

ज्वारी काढायचे दिवस व्हते. पावसाचा काई संबंध न्हाई त्या दिवसांत, पन आजकाल आभाळाला धरबंद राहिला न्हाई. दुपारची भाकर खाऊन बसलो आन् डोंगराकडून काळं आलं, वारं सुटलं, बोराएवढ्या गारा. बायका म्हनल्या अक्का, कुठं जावं. शेताच्या कडंला चिंचेचं मोटं झाड. म्या म्हनलं, चला गं चिंचेखाली. म्याच म्हनलं ताई. सगळ्या पळाल्या, शांता पुढं पळाली, खोडाला टेकून उभी राहिली. म्या मागं राहिले, पानी पियाची घागर उचलायला वाकले, आन् काय झालं ते मला सांगता येत न्हाई. पांढरं झालं सगळं. आवाज तर ऐकूच आला न्हाई मला, कान बंद. उटून बघते तर तीन बायका पडलेल्या, दोघी रडत उटल्या, शांता उटली न्हाई.

अंगावर भाजल्याची खून न्हाई तिच्या. झोपल्यावानी. हात लावला तर अंग ऊन लागत व्हतं. मंग मानसं धावत आली, बळीराम बी आला, आन् जुनी मानसं म्हनली हात लावू नका, ईज अंगात हाय, शेनात पुरा, शेन ईज वढून घेतंय. आमच्याकडं अशीच रीत व्हती. बळीरामनं सोता फावडं घेतलं, बाजूच्या उकिरड्यात खड्डा केला आन् शांताला गळ्यापर्यंत शेनात बसवली. आमी सगळे बघत बसलो. आता डोळे उघडंल, मंग डोळे उघडंल. दोन तास बसलो आसंल. मंग कुनीतरी जीप आनली, जळकोटला नेली, डॉक्टर म्हनले लई उशीर झालाय. तिचं लेकरू अडीच वर्साचं व्हतं, पोरगी. ती माझ्याच घरात वाढली.

म्या टोळी सोडली. पाच-सा महिने घरातच. कुनी विचारलं तर म्हनायचं पाठ दुखतीय.

मंग रशीदभाई आले. रशीदभाई जळकोटचे वायरमन, त्यांचे आजोबा आमच्या गावच्या बाजारात कंदील दुरुस्त करायचे, आन् हे मोटारी आन् वायरिंग करतात, म्हनजे तीन पिढ्यांची वळख. विहारातली लाईन गेली व्हती म्हनून आले, तर माझ्या दारात थांबले. अक्का, बहोत बुरा हुआ, म्हनले. मंग कसं झालं ते विचारलं. म्या सगळं सांगितलं, शेनाचं बी सांगितलं. ते पिशवी उचलून निघाले. मला कळलं, काईतरी लपवून राहिलेत. म्या म्हनलं सांगा रशीदभाई. ते म्हनले, जाऊ दे. म्या म्हनलं, माझी जाऊ गेली, मला सांगा.

मंग त्यांनी सांगितलं. बिजली अंदर बैठती नै अक्का. आली तशी जमिनीत गेली. मानसाच्या अंगात काईच राहत न्हाई, हात लावला तर काई व्हत न्हाई. दिल बंद पडतंय, मोटार ट्रिप व्हती तसं. तवाच छातीवर दाबत राहिलं तर कधी कधी परत चालू व्हतंय. त्यांच्या कामात खांबावर मानसं चिकटतात, म्हनून त्यांना शिकवलेलं व्हतं, आन् त्यांनी एक पोरगा असा वाचवला बी व्हता.

काय सांगू तुमाला, ते गेल्यावर म्या चुलीपुढं बसले ती बसलेच. झाडाखाली म्या पाठवली, आन् शेनात आमी सगळ्यांनी. शांता ऊन व्हती ताई, माझ्या हाताला लागली व्हती.

बळीरामला म्या हे सांगितलं न्हाई. कसं सांगावं. त्याच्याच हातात फावडं व्हतं.

पुढच्या बाजारी म्या जळकोटला रशीदभाईच्या दुकानात गेले आन् म्हनलं मला शिकवा. त्यांनी गव्हाच्या भुशाचं पोतं जमिनीवर आडवं केलं, छातीची जागा खडूनं काढली. दोन्ही हात एकावर एक, कोपर ताठ, मधोमध, जोरात आन् जलद, थांबायचं न्हाई, दमलं तर दुसऱ्यानं घ्यायचं. गिऱ्हाइकं हसून राहिली व्हती. त्यांची बायको आतून च्या घेऊन आली, ती बी शिकली त्या दिवशी. बाकीचं बी त्यांनीच सांगितलं. ईज चमकली की मोजायला लागायचं, तिसाच्या आत गडगडलं तर ती जवळ आली, तवा पक्क्या घरात जायचं. मोजायला जमलं न्हाई तरी गडगडलेलं ऐकू आलं म्हंजे निघायचंच. झाडाखाली न्हाई, खांबाजवळ न्हाई, पान्यात न्हाई, तारंच्या कुंपनाला टेकायचं न्हाई. मधीच सापडलं आन् जायला जागाच न्हाई तर पाय जुळवून उकिडवं बसायचं, कानावर हात, एकमेकींपासून लांब लांब, आडवं झोपायचं न्हाई. आन् शेवटचं गडगडल्यावर बी अर्धा घंटा बाहीर यायचं न्हाई.

म्या परत टोळी बांधली. पहिल्याच दिवशी बायकांना म्हनलं, आभाळ आलं की काम बंद. ज्यांना चालतंय त्यांनी या. शेतवाल्याला बी कामाच्या आधीच सांगायचं. काई जन हसले, काई जनांनी दुसरी टोळी लावली. आन् खरं सांगते, लई वेळा काईच झालं न्हाई. आमी इळे ठेवून शाळंत जाऊन बसायचो, आभाळ तसंच पुढं निघून जायचं, ऊन पडायचं, आन् शेतवाला बांधावर उभा राहून आमच्याकडं बघायचा. बायका बी कुरकुरायच्या, अक्काचं भेव काई जात न्हाई म्हनायच्या. भेव तर व्हतंच की. म्या कुठं न्हाई म्हनते.

अशी चार-पाच वर्सं गेल्यावर नामदेवरावांच्या शेतात सोयाबीन काढत व्हतो, त्या दिवशीचं सांगते आता. ते मानूस चांगले, पन जिभंनं तिखट. चारच्या आधीच डोंगरामागं ईज चमकली. म्या मोजलं, विसावर गडगडलं. म्हनलं चला गं. नामदेवराव म्हनले, अगं पंचफुला, तीन पाती राहिल्यात, आभाळ काय रोजच येतंय, उद्यापास्नं येऊ नको तू. म्या म्हनलं न्हाई येत काका, पन तुमी बी चला. ते म्हनले, बनीम झाकायची हाय मला, भिजली तर वर्सभर काय खावं. बनीम म्हंजे काढलेल्या सोयाबीनचा ढीग, त्याच्यावर ताडपत्री वढायला ते मागं राहिले. त्यांची बायको गंगाकाकू आमच्यासंगं शाळंत आली.

शाळा पक्की, स्लॅबची. वऱ्हांड्यात न्हाई, वर्गातच बसवलं म्या सगळ्यांना, खिडकीपासून लांब. मंग ईज पडली. जवळच. भिंती हादरल्या. गंगाकाकू उभ्या राहिल्या आन् म्हनल्या, ती आमच्याच रानात पडली. त्यांना कसं कळलं देव जाने, पन बरोबर व्हतं त्यांचं. लगीच शाळंतल्या मास्तरांचा फोन वाजला, शेजारच्या शेतातून, नामदेवराव पडलेत, हलत न्हाईत.

आता बघा. म्याच सगळ्यांना सांगत व्हते बाहीर पडायचं न्हाई, आन् गडगडून तर राहिलंच व्हतं. एक क्षन माझं पाऊल उचललं न्हाई. शांता दिसली मला. मंग मास्तर म्हनले माझी कार हाय, काचा लावल्या की आतमधी धोका कमी. म्या बायकांना म्हनलं कुनी हलू नका, गंगाकाकूला धरून ठेवा, आन् मास्तरांसंगं बसले. पांदीच्या वाटंला चिखल, कार शेवटी अडकली, तिथून पन्नासेक पावलं पळत गेलो.

पाच-सात मानसं गोळा झालेली. नामदेवराव बनीमीच्या कडंला पडलेले, ताडपत्री हातातच. आन् उकिरड्याशी एक जन फावडं मारत व्हता. बळीराम. तो शेजारच्या शेतात मळनीला गेल्ता.

म्या म्हनलं बळीराम, थांब. एक म्हातारे म्हनले हात लावू नको पोरी, ईज हाय अंगात. म्या त्यांच्यापुढं दोन्ही हात नामदेवरावांच्या छातीवर ठेवले आन् म्हनलं, बघा, हाय का ईज? श्वास नव्हता. म्या दाबायला लागले. मोठ्यांदा मोजत व्हते, मधी आकडे चुकले, परत एकपासून धरले. बरगडी कटकन वाजली, मला वाटलं मोडला मानूस, पन रशीदभाईंनी सांगितलं व्हतं, मोडली तरी थांबायचं न्हाई. माझे हात भरून आले तवा मास्तरांनी घेतलं, मंग परत म्या. किती वेळ ते मला ठाव न्हाई. मंग ते खोकले. तोंडातून फेस आला, आन् छाती आपली आपन वर आली.

बळीरामनंच त्यांना पाठीवर घेतलं, कारपर्यंत नेलं, मानसांनी कार चिखलातून उचलून काढली. जळकोटला नेले, तिथून उदगीरला. आठ दिवसांनी घरी आले. एका कानानं ऐकू येत न्हाई त्यांना, डावा हात झिनझिनतो, आन् बोलनं थोडं मऊ झालंय. मला अजून एकदा बी काई म्हनले न्हाईत. गंगाकाकू मातुर येऊन माझ्या गळ्यात पडल्या.

गाव माझं कौतुक करत व्हतं, पन बळीराम माझ्याकडं बघायचं टाळत व्हता. नामदेवराव दवाखान्यातच व्हते तवा, चौथ्या दिवशी सकाळी आला. अंगनात बसला. शांताची पोरगी शाळंत गेल्ती, बरं झालं.

वैनी, म्हनला, तवा हे आलं असतं तर शांता वाचली असती का?

म्या खोटं बोलू शकले असते. तोंडावर आलं बी व्हतं. मंग म्हनलं, वाचली बी असती काय की, बळीराम. सगळे वाचत न्हाईत, पन आपन तिला तेवढं बी दिलं न्हाई. आन् झाडाखाली म्याच पाठवली व्हती तिला, तुला कधी सांगितलं न्हाई म्या.

तो म्हनला, झाडाचं मला ठाव हाय, बायकांनी त्याच दिवशी सांगितलं व्हतं. तुला ठाव नव्हतं तसं मला बी ठाव नव्हतं. एवढंच म्हनला आन् डोळे पुसून उटला. एवढी वर्सं मनात ठेवून माझ्या हातचं जेवत व्हता मानूस.

आता तो मळनीच्या मशीनवर जातो, त्याच्यासंगं दहा-बारा गडी असतात. काम सुरू करायच्या आधी तो त्यांना गोळा करून सांगतो, आभाळ आलं तर काय करायचं, आन् मानूस पडला तर कुठं दाबायचं. गड्यांपुढं तो आपल्या बायकोचं नाव घेऊन सांगतो. मला तेवढी हिंमत न्हाई. म्या निस्तं दाबून दाखवते.

टोळी चालू हाय माझी. यंदा अकरा बायका हायत. पाठ दुखती, गुडघे दुखतात, ते व्हायचंच. रातच्याला गडगडलं की अजून बी पोरीच्या अंगावर हात ठेवून पडते म्या, ती आता न्हाती-धुती झाली तरी. तुमी लिहून घेताय ते बरं हाय, कुनाच्या तरी कामी येईल. तुमाला जायचंय न्हवं लांब? अजून उजेड हाय, आन् वरती सगळं निवळलंय. सुखरूप जा माय.