खिडकीतून टाकलेला रुमाल

हसू नका, मले आजही लाज वाटते. लालबर्र्याहून बालाघाटले अप-डाउन करणाऱ्यांचा कायदा तुमाले माहीतच आहे. खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली. त्या दिवशी मी रुमाल टाकून बसमधी चढलो, तं एक बुढी तिथं बसलेली.

"आजी, रुमाल दिसला नाही काय? उठा!"

बिचारी गुमान उठली. बालाघाटपर्यंत उभी राह्यली अन् मी मोबाइल पाहत राह्यलो.

दुपारी पेन्शनचा कागद घेऊन तीच बुढी हापिसात माझ्या टेबलासमोर! मी घाईघाईनं खुर्ची पुढं सरकवली. "बसा न, आजी."

टोमणा असता तं सहन झाला असता. पण तिनं वाकून खुर्ची पाह्यली अन् खरंच विचारलं, "इथं कोणाचा रुमाल तं नाही न, बाबू?"