दारावरची पाटी

ब्याण्णव साली नौपाड्यातल्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या जयाच्या कानावर शेजारच्या कोळी जोडप्याचं बोलणं पडलं. बाई रिक्षाच्या लायसनसाठी डॉक्टरांचा दाखला घ्यायला आली होती.

"या वयात रिक्षा? लोक हसतील, मंजुळा."

"मग दारावर 'आयुष्य भरभरून जगा, स्वप्नं पुरी करा' अशी पाटी कशाला रंगवलीत?"

"ती पोरांसाठी."

"अस्सं! नोकरी सोडून बेंजो वाजवत हिंडलात, तेव्हा बरी ती तुमच्यासाठी होती! वीस वर्षं डोक्यावर मासळी वाहून मी घर चालवलं, आता रिक्षा जड जाईल होय?"

"मी परवानगी देणार नाही."

"मागितली कोणी?"

कंपाउंडरनं नाव पुकारलं. मंजुळानं पदर खोचला.

"ही पिशवी धरा आणि इथंच बसा," म्हणाली आणि आत गेली.